मागची सीट

"पुढे कोणय बसांदे. माका मागची सीट दाखवा."

कट्ट्याच्या एस.टी. स्टँडसमोर एखादी मोटारसायकल येऊन थांबली, की आमचा कंट्रोलर हे म्हणत शेडमधून बाहेर यायचा. अंगात खाकी, गळ्यात शिट्टी, काखेत वेळापत्रकाचा पुठ्ठा. मालक ओळखीचा असो नसो, तो आधी मागच्या सीटवर तळहात ठेवायचा, मग मुठीने चार ठिकाणी दाबून बघायचा आणि परवानगी मिळालीच आहे असं धरून बसायचा. बसायचा कसा, तर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर हात ठेवून, बाईमाणूस बसेल तसा.

तुम्हाला हसू येईल. आम्हालाही यायचं. भर बाजारात एक मिशीवाला खाकीतला माणूस मोटारसायकलवर आडवा बसून गंभीरपणे समोर बघतोय, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरणं कठीणच होतं. एकदा एकाने त्याला विचारलं, असं का बसता म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "सरळ बसान काय उपयोग? ती सरळ बसतली काय?"

ती म्हणजे त्याची बायको. ती घाटावर होती.

स्टँडच्या समोर माझं सायकलचं दुकान होतं. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी सायकली भाड्याने द्यायचो, पंक्चर काढायचो आणि डब्यातून पेट्रोल विकायचो. त्यामुळे मालवणहून कसालकडे जाणारी किंवा तिकडून येणारी प्रत्येक मोटारसायकल कधी ना कधी माझ्या दारात थांबायचीच. त्या काळी त्या होत्याच इतक्या थोड्या, की नुसत्या आवाजावरून कोण येतंय ते मी हातातलं काम न सोडता सांगत असे. कंट्रोलरला हे माहीत होतं. म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात तो माझ्याच बाकावर येऊन बसायचा. मला तो शेट म्हणायचा. माझ्या मालकीच्या सायकली बघितल्या तर ही थट्टाच होती, पण मी कधी हरकत घेतली नाही. शेट म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

लग्न करून बायकोला आणताना काय झालं, ते त्याने मला त्याच बाकावर सांगितलं. एकदाच नाही, पुष्कळ वेळा. बायको आजऱ्याकडची. लग्न लावून वऱ्हाड एस.टी.ने खाली येत होतं. आंबोलीचा घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणाला नवरीला गाडी लागली. सगळा घाट ती खिडकीबाहेर डोकं काढून होती. वऱ्हाडातल्या बायका नाकाला पदर लावून बसल्या आणि हा नवा नवरा, मुंडावळ्यांची खूण कपाळावर, तिच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही या विचारात. शेवटी तिनेच त्याचं मनगट घट्ट धरलं.

"घाट उतरल्यार सोडल्यान," तो म्हणायचा. "पण तवसर धरलेल्यान."

इतकं सांगून तो जरासा हसायचा आणि स्वतःच्या मनगटाकडे बघायचा.

त्याचं घर आचऱ्याला. बायको तिथे सासूजवळ राहिली, हा नोकरीसाठी कट्ट्याला, स्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत. शनिवारी घरी जायचा. असा थोडा काळ गेला. मग ती बाळंतपणासाठी माहेरी गेली. मूल हाताला लागलं नाही. याला कळवलं तेव्हा पाऊस होता, घाट बंद होता, आणि हा पोचला तोवर सगळं आटोपलेलं होतं. तिला बरं वाटू दे, मग नेईन, असं सांगून तो परत आला. काही दिवसांनी आणायला गेला, तर ती दाराशी येऊन म्हणाली, "मला गाडी लागती. येवढा घाट उतरून मी यायची न्हाई."

बाजारात लोक नाही नाही ते बोलत. कोणी म्हणे सासूची जीभ, कोणी म्हणे तिला मासळीचा वास सोसत नाही. खरं काय ते तिचं तिला ठाऊक. कंट्रोलरने मात्र यातलं काहीच कधी कानावर घेतलं नाही. तिने एक कारण सांगितलं होतं. ते कारण दूर करायचं, इतकं साधं काम आपल्यापुढे आहे, असं तो धरून चालला. आणि कामाला लागला.

आधी त्याने गाडी लागण्याचाच अभ्यास केला. घाटावरून येणारी एस.टी. स्टँडवर लागली, की उतारूंची तिकिटं, सामान, तक्रारी सगळं बाजूला ठेवून तो आधी खिडक्यांवरून नजर फिरवायचा. एखादी बाई पांढरीफटक पडून बसलेली दिसली, की पाण्याचा तांब्या आणि लिंबू घेऊन हजर. मोठ्याने गाड्या पुकारताना तो अगदी कचेरीतली भाषा वापरायचा, "प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात, गाडी सुटण्याची वेळ झालेली आहे." पण त्या बाईजवळ जाऊन हलकेच विचारायचा, "खंयसर बसल्लंस गो? पुढे काय मागे? निघताना काय खाल्लेला?" बायाबापड्या बिचाऱ्या सांगायच्या. कोणी आवळकाठीचा उपाय सांगे, कोणी पोटाला वर्तमानपत्र बांधायला सांगे, एकीने मुठीत तांदूळ धरायला सांगितले. हा सगळं ऐकून घ्यायचा आणि येऊन मला सांगायचा. मी पंक्चर काढता काढता ऐकायचो.

अशी बरीच विचारपूस झाल्यावर त्याने निकाल दिला.

"शेटानू, दोष रस्त्याचो नाय, घाटाचोय नाय. दोष बंद डब्याचो. माणसाक वारो लागाक व्हयो."

वारा लागायचा तर मोटारसायकल. आणि आजऱ्याहून आचऱ्यापर्यंत बाईमाणसाला न्यायचं तर मागची सीट अशी हवी, की इतक्या लांबच्या वाटेत तिला कुठे दुखता कामा नये, काही खुपता कामा नये. झालं. तेव्हापासून तो प्रत्येक मोटारसायकलच्या मागे लागला.

हिवतापाच्या डॉक्टरांकडे लढाईतली जुनी गाडी होती. म्हशीएवढी अवजड, आणि मागे चाकाच्या पत्र्यावर एक चिमुकली गादी बसवलेली. डॉक्टर भला माणूस. याला मागे आडवा बसवून ते देवळापर्यंत जाऊन आले. कंट्रोलर उतरला तो कमरेला हात लावून. दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ही गाडी पेशंट वाढवूक घेतलात काय?" डॉक्टर इतके हसले, की त्यांनी पेट्रोलचे पैसे देताना मलाही चहा पाजला.

मालवणच्या पाद्रीबाबांकडे एक बारकी, हलकी गाडी होती. पांढरा झगा वर खोचून ते त्यावरून गावोगाव फिरत. सीट याला पसंत पडली. मग त्याने गाडी सुरू ठेवायला सांगितली आणि मागे उकिडवा बसून धूर हुंगू लागला. लोक जमले. बराच वेळ हुंगून त्याने मान हलवली, "वास येता, फादर. वासानच तिका होता."

पाद्रीबाबा म्हणाले, "अरे, माझ्या मागे कोण बसता? देव बसता. त्येका वास येना नाय."

"देवाक घाट उतरूचो नाय, फादर."

एका रस्त्याच्या कंत्राटदाराची गाडी तर नवीकोरी होती. तिच्यावर याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि इंजिन चालू करायला लावलं. पेला थरथरत थरथरत कडेला आला आणि सीटवर लवंडला. कंत्राटदार खवळला. हा मात्र खूश. "बघितल्यात, शेटानू? हाडां खिळखिळी होतली तिची."

खूश हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. गाडीत खोट सापडली, की तो खरोखरच खुलायचा. मला याचं नवल वाटे. गाडी हवी असलेला माणूस खोट सापडली की हिरमुसतो. एके दिवशी जेवताना मी आमच्या मंडळींना म्हटलं, "हा माणूस गाडी शोधत नाही, खोट शोधतोय." ती भात वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "गाडी मेळली तर जावचा लागतला मा त्येका."

 इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. गाडी शोधून होत नाही तोवर बायको येणारच होती. फक्त गाडीचाच काय तो प्रश्न होता. त्यानंतर तो मुठीने सीट दाबायला लागला, की मला हसू येईना.

आणि मग ती गाडी आली. रेडीच्या खाणीवरचा कोणी साहेब देशावर कायमचा निघाला होता, त्याला ती विकायची होती. बसकी, जड पण शांत गाडी. आवाज असा की जवळ उभं राहून बोलता यावं. सीट पुढून मागेपर्यंत एकच, लांब, आणि खाली स्प्रिंगा अशा की बसलं की माणूस हळूच खाली जाऊन तिथेच राही. साहेब माझ्याकडे हवा भरायला थांबला होता. कंट्रोलर नेहमीसारखा आला. तळहात ठेवला. मूठ दाबली. धूर हुंगला. पेला आणून ठेवला. पाण्याला नुसती शिरशिरी आली, थेंब सांडला नाही.

साहेबाने त्याला मागे बसवून पेंडूरपर्यंत नेऊन आणलं. ती वाट तेव्हा कशी होती हे तिथल्या माणसाला सांगायला नको. तो उतरला आणि सीटवर पुन्हा तळहात ठेवून उभा राहिला.

"काय कंट्रोलर, काय खोट?" मी विचारलं.

"खोट नाय," तो म्हणाला.

डॉक्टर घरच्यांना बाहेर बोलावून जसं सांगतात, तसं त्याने ते सांगितलं. पुढल्या आठवड्यात गाडी त्याची झाली.

गाडी आल्यावर एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली आणि बाजारभर हशा पिकला. कंट्रोलरला मोटारसायकल चालवता येत नव्हती. तालुक्यातल्या एकूण एक गाडीवर हा माणूस बसला होता, पण मागे. हँडल कधी हातात धरलं नव्हतं. मी त्याला विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तो खरोखर गोंधळून म्हणाला, "पुढच्या सीटीचो विचारच करूक नाय मी."

मग मी त्याला शिकवलं. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात रोज सकाळी पहिली गाडी सोडून झाल्यावर आम्ही जायचो. दोनदा तो दगडी गडग्यावर गेला, एकदा शेणखतात. पण चिकाटीचा माणूस. पावसाआधी तो कुडाळला जाऊन यायला लागला. लोहाराकडून पट्ट्या आणून मी मागच्या चाकाला जाळी करून दिली, साडी आत जाऊ नये म्हणून. पाय ठेवायला फळी, धरायला कडी, पायाला भाजू नये म्हणून सायलेन्सरवर पत्रा. जे जे तो सांगेल ते ते केलं.

मागे वजन असताना गाडी कशी चालते हे बघायला त्याला सीटवर तांदळाचं पोतं बांधायचं होतं. मी विचारलं, किती भरू? तो पोत्याचं तोंड धरून उभा राहिला.

"इल्लेसे कमी करा. बारीक होती ती."

मी थोडे काढले.

"आता कशी आसा माका खंय म्हायत," तो म्हणाला, आणि मग स्वतःच दोन पायल्या परत टाकल्या.

ते पोतं घेऊन तो कसालपर्यंत जाऊन यायचा, खड्डे चुकवत, वळणावर हळू. पण घाटाकडे निघायचं नाव नाही. आधी म्हणाला, इंजिन मोकळं होऊ दे. मग पाऊस लागला. मग गणपती. मी काही बोललो नाही. आमच्या मंडळींनी डोळ्यांनीच मला तशी ताकीद दिली होती.

शेवटी दसरा आला. दसऱ्याला गाड्यांची पूजा करून देवळासमोर नेतात आणि गावचा जाणता माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. ज्याचं जे काम असेल ते देवापुढे मोठ्याने बोलायचं आणि भोवतीच्या सगळ्यांनी त्याला हुंकार द्यायचा, ही आमच्याकडची रीत. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालता येत नाही. कंट्रोलरने गाडी धुऊन आणली होती, झेंडूची माळ घातली होती. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्याला तो हळूच म्हणाला, "गाडीक काय जावचा नाय, इतक्याच सांगा."

म्हाताऱ्याने मान हलवली. पण एकदा नारळ हातात घेतला की त्या माणसाला कोणाचं ऐकू येत नसे. त्याने खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज गाडी घेतलेली आसा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तिका वाटेत काय इडा-पिडा असात, ती दूर कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्येच्या घरातला माणूस कितीक वर्सा घाटार ऱ्हवला हा. ज्या कामाक ही गाडी घेतली, ता काम पुरा कर. ता माणूस सुखान घराक येवंदे रे म्हाराजा..."

हुंकार लगेच आला नाही. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणीच न बोललेली गोष्ट देवळाच्या अंगणात बोलली गेली होती. मग दुकानदार, ड्रायव्हर, कंडक्टर, केळी विकणाऱ्या बाया, आम्ही सगळे एकदम म्हणालो, "व्हय म्हाराजा." मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. कंट्रोलर हात जोडून खाली बघत होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

आता जाण्यावाचून सुटका नव्हती. गाव वाट बघत होता. दोन दिवसांची रजा घेऊन तो पहाटे निघाला. घाटात गारठा लागेल म्हणून तिच्यासाठी एक शाल घेतली होती, डोक्याला बांधायला नवा रुमाल घेतला होता. मी टाकी भरून दिली, चाकांतली हवा बघितली. "चलतंय," म्हणाला आणि गेला. दिवसभर मी एकही काम धड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना कसालच्या बाजूने तो आवाज आला. मी दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. समोरच्या हॉटेलातले लोकही आले. गाडी हळूहळू जवळ आली. मागे कोणी नव्हतं. हॉटेलातली माणसं एकेक करून आत गेली, कोणी काही विचारलं नाही. कट्ट्याच्या बाजारावर मी पुष्कळ वेळा चिडलो आहे, पण त्या दिवसासाठी मी त्याला सगळं माफ केलं.

तो येऊन बाकावर बसला. मी पाणी दिलं. तो आपणहून बोलू लागला.

"तिचो भाव भायर इलो. पाणी दिल्यान, गूळ दिल्यान. वायट वागाक नाय हां तो. मगे ती इली. मी म्हटलंय, एस.टी. नाय, ही गाडी आसा. वारो लागता, वास येना नाय. एकदा बसान बघ."

"मग?"

"बसली," तो म्हणाला. अजूनही त्याचा त्यावर विश्वास बसला नव्हता. "अख्खी आळी दारात. पदर खवसून ती बसली. माझ्या खांद्यार हात ठेवल्यान. मी हळू नेलंय, शेटानू, तुमच्या तांदळापरास हळू."

नदीच्या पुलापर्यंत ती दोघं गेली. पुलावर तिने थांबायला सांगितलं. नदीला पाणी चांगलं होतं. त्याने मागे न बघता विचारलं, त्रास होतो का? ती न्हाई म्हणाली. मग तिने हात लांब करून पलीकडच्या काठावरचं एक करंजाचं झाड दाखवलं.

"तितं हाय त्यो," ती म्हणाली.

कंट्रोलर माझ्याकडे बघून थांबला. मला आधी कळलं नाही. मग ते हाताला न लागलेलं मूल आठवलं.

"रोज सांजची थंय जाता ती," तो म्हणाला. "माका कोणी सांगूक नाय. मीय कधी विचारूक नाय, शेटानू. इतकी वर्सा मी दुसऱ्या बायांका खंय बसल्लंस, काय खाल्लंस..." 

मी दुकानातली एक सायकल उगाच इकडची तिकडे केली.

"झाडाकडे गेलंव. बसलंव वायच. मगे परत तिच्या दारात. ती उतरली, साडी सारखी केल्यान. म्हणाली, गाडी चांगली हाय. काय तरास झाला न्हाई मला." तिचं बोलणं तो तिच्यासारखंच बोलून दाखवत होता. "मगे ती उभी आणि मी उभो. मगे म्हणाली, घाटात जपून जावा."

 मालवणची गाडी यायची वेळ झाली होती. त्याची रजा होती, तरी सवयीने तो उठला आणि टोपी शोधू लागला. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तिका गाडी लागूक नाय."

तो स्टँडकडे गेला आणि मी दुकानाच्या मागे जाऊन रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

नंतर एकदा मी त्याला म्हटलं, बदली घाटावर मागून घ्या, तिथेच ऱ्हावा. तो म्हणाला, "तिना बोलावूक नाय."  तो काम करत राहिला, गाड्या पुकारत राहिला. पण बाकावर येणं कमी झालं. येऊन तरी काय बोलणार? आमचं सगळं बोलणं मोटारसायकलींचं होतं, आणि आता त्या विषयात काही उरलं नव्हतं. दारात नवीन गाडी थांबली तर मीच ती लवकर वाटेला लावत असे. पुढल्या वर्षी त्याची बदली झाली, खानदेशात कुठेशी. त्याने रद्द करून घ्यायची खटपट केली नाही. आचऱ्याला त्याची आई तोवर वारली होती.

निघाला त्या दिवशी ट्रंक आणि वळकटी त्याने एस.टी.च्या टपावर चढवली आणि स्वतः मोटारसायकलने निघाला. ड्रायव्हर-कंडक्टर निरोप द्यायला उभे होते. त्याने गाडी सुरू केली, मग मला म्हणाला, "शेटानू, बसा. पेंडूरच्या तिठ्यापर्यंत येवा."

मी त्याच्या मागे बसलो. त्या गाडीची मी इतकी सेवा केली होती, पण मागे कधी बसलो नव्हतो. खड्डे होते तिथेच होते. गाडी त्यांत उतरत होती, वर येत होती, आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं. समोरून वारा येत होता. मी खूप गाड्यांवर बसलो त्यानंतर, पण इतकं सुखाचं बसणं मला पुन्हा मिळालं नाही. हे त्याला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे, म्हणून मी गप्प राहिलो. 

तिठ्यावर त्याने गाडी थांबवली. मी उतरलो.

"पोचल्यार पत्र घाला," मी म्हटलं.

"घालतंय," तो म्हणाला.

त्याने घातलं नाही, आणि मीही वाट बघितली नाही. मी उतरलो तशी गाडी मागून जरा वर आली, हलकी झाली, आणि तो निघाला. वळणापलीकडे गेल्यावर थोडा वेळ आवाज येत होता. तोही विरल्यावर मी कट्ट्याच्या दिशेने चालत निघालो. ऊन फार होतं आणि वाटेत कोणीच नव्हतं.